उन्हाळ्याच्या संध्याकाळी स्वयंपाकघर तापवत नाही अशी इंडक्शन शेगडी

उन्हाळ्यात संध्याकाळी स्वयंपाक नको वाटतो ना, तो कामाचा कंटाळा नसतो, उकाड्याचा असतो. दिवसभर तापलेल्या भिंती रात्री उशिरापर्यंत गरमच, त्यात गॅस पेटवला की दहा मिनिटांत घामाच्या धारा, पंखा लावावा तर ज्योत फडफडते म्हणून पंखा बंद, आणि मग वाटतं जाऊदे, बाहेरून काहीतरी मागवू. याच एका कारणासाठी मी सिंगल इंडक्शन शेगडी घेतली, 2000 वॅटची, अगदी साधी, आणि या उन्हाळ्यात संध्याकाळचा जवळपास सगळा स्वयंपाक तिच्यावरच केलाय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या साध्या शेगड्यांची आतली रचना बरीचशी सारखीच असते आणि मला जे सांगायचंय ते यातल्या बहुतेक सगळ्यांना लागू आहे.

सगळ्यात मोठा फायदा वेगाचा नाही, पंख्याचा आहे. खरंच. जाहिरातीत सगळे लवकर शिजतं लवकर शिजतं करतात, पण इथे ज्योतच नाही त्यामुळे डोक्यावर पंखा फुल स्पीडवर ठेवून निवांत भाजी परतता येते, हे कोणी सांगतच नाही. शिवाय शेगडी उचलून खिडकीजवळच्या टेबलावर न्यायची, जिथे वारा येतो तिथे शिजवायचं. गॅसचा ओटा काही हलवता येत नाही.

आता उकाडा कमी का होतो ते थोडक्यात. काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्यातून सेकंदाला 20,000 पेक्षा जास्त वेळा दिशा बदलणारा करंट फिरतो, त्याने चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि भांड्याच्या लोखंडी बुडात करंट निर्माण होऊन बूड स्वतःच तापतं. म्हणजे मध्ये ज्योत नाही, तापलेली जाळी नाही. वापरलेल्या विजेतली साधारण 85 टक्के उष्णता भांड्यात जाते. गॅसचं हेच प्रमाण बरंच कमी, बाकीची सगळी भांड्याच्या कडेने वर येते, तुमच्या तोंडावर आणि खोलीत. आणि गॅस जळताना पाण्याची वाफही तयार होते, त्यामुळे नुसतं गरम नाही तर दमटही होतं. उन्हाळ्यात घाम वाळेनासा होतो तो या दमटपणाने.

पण एक नीट समजून घ्या, शेगडी आणली की आपोआप खोली थंड राहील असं नाही, कारण भांड्यात गेलेली उष्णतासुद्धा शेवटी खोलीतच येते. एक लिटर पाणी 25 अंशांवरून 100 अंशांवर न्यायला जेवढी ऊर्जा लागते त्याच्या सातपट ऊर्जा तेच पाणी पूर्ण वाफ करून उडवायला लागते. म्हणजे झाकण न ठेवता पातेलं धडाधड उकळत ठेवलं तर त्या वाफेतून भरपूर उष्णता खोलीत सोडत बसतो आपण. आणि फायदा काय तर शून्य, कारण पाणी हळू उकळो नाहीतर जोरात, तापमान तेवढंच राहतं. म्हणून उकळी आली की मी लगेच 600-800 वॅटवर आणते, झाकण घट्ट, आणि पाणी जेमतेम पदार्थ बुडेल इतकंच. एवढं केलं की फरक अंगाला जाणवतो.

माझं या शेगडीवरचं सगळ्यात आवडतं जेवण म्हणजे बटाटा, अंडी, फरसबी, तिन्ही एकाच पातेल्यात. बटाट्याचे दोन सेंटिमीटरचे तुकडे, वर बोटभर पाणी, मीठ, झाकण लावून 2000 वर. तीन-चार मिनिटांत झाकण थरथरायला लागतं. मग वॅट कमी करून स्वच्छ धुतलेली अंडी चमच्याने हळूच आत सोडायची, टायमर नऊ मिनिटांचा. त्यातली पाच मिनिटं झाली की फरसबी टाकायची. टायमर वाजला की शेगडी आपली आपण बंद, आणि हे टायमरचं सुख फार मोठं आहे कारण तोपर्यंत मी स्वयंपाकघरात उभीसुद्धा नसते, बाहेर वाऱ्यावर काकडी चिरत बसलेली असते. पाणी काढून टाकलं की बटाटे गरम असतानाच लिंबू, तेल, मीठ, मिरपूड घालायची, गरम बटाटा ते आत ओढून घेतो, गार झाल्यावर घातलं तर नुसतं वरवर राहतं. दही मात्र शेवटी, सगळं कोमट झाल्यावर, किसलेला लसूण घालून. अंडी गार पाण्यात टाकून सोलायची, अर्धी करायची, काकडी टोमॅटो फ्रीजमधून थेट ताटात. अर्धं कोमट अर्धं गार असं जेवण उन्हाळ्यात फार छान लागतं, पोटही भरतं आणि नंतर जड वाटत नाही.

पास्त्यासाठी तर ही शेगडी अगदी योग्य. 2021 चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं त्या इटलीच्या जॉर्जिओ पारिसी यांनी 2022 मध्ये एक साधी पद्धत लोकांसमोर ठेवली होती, पाणी उकळलं की पास्ता टाकायचा, थोड्या वेळाने आच बंद, झाकण घट्ट, उरलेलं शिजणं त्या गरम पाण्यातच. तिथल्या शेफ मंडळींनी नाकं मुरडली होती. मला मात्र पटलं. पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त ठेवते आणि मध्ये एकदा ढवळते, नाहीतर चिकटतो. वर कच्चा चिरलेला टोमॅटो, तेल, लसूण, बास, सॉस शिजवायची गरजच नाही. लाल मसूरही अशीच पटकन होते, भिजवायचीही गरज नाही.

परतायच्या गोष्टी पण जमतात, मश्रूम, मासा, पातळ चिरलेल्या भाज्या, फक्त सुरुवातीलाच 2000 वर ठेवू नका. पातळ तवा अर्ध्या मिनिटात इतका तापतो की तेल धुरकटतं. 1000-1200 पुरे.

आता तक्रारी, आणि त्या आहेत.

पहिली आणि खरी तक्रार मंद आचेची. पॅनलवर 300 वॅट लिहिलंय पण प्रत्यक्षात ती काही सेकंद जोरात चालते, मग काही सेकंद बंद, परत जोरात. सूपकडे बघत राहिलं तर दिसतं, मध्यभागी एकदम बुडबुडे उठतात, मग सगळं शांत, मग परत उठतात. पाण्याच्या गोष्टींना चालून जातं, पण दूध घातलेलं किंवा घट्ट काही असेल तर त्या जोराच्या सेकंदांत बुडाला लागतं. जाड बुडाचं भांडं वापरलं की त्रास बराच कमी होतो, जात मात्र नाही. दुसरं म्हणजे वेटोळं लहान आणि तवा मोठा असेल तर मधलं करपतं आणि कडेचं कच्चं राहतं, त्यामुळे मी मोठा पॅन वापरायचाच सोडलाय. टच बटणं ओल्या बोटांना दाद देत नाहीत, स्वयंपाक करताना हात कोरडे कुठून आणायचे? बटण फिरवायचं मॉडेल मिळालं तर तेच घ्या. आतला छोटा फॅन आवाज करतो आणि बंद केल्यावरही थोडा वेळ चालू राहतो, तो चालू द्यायचा, लगेच प्लग काढायचा नाही, आतले पार्ट गार होत असतात. हवा आत घ्यायच्या फटी खाली किंवा मागे असतात, म्हणून भिंतीला चिकटवून किंवा टेबलक्लॉथवर ठेवू नका.

भांड्यांचं आधी बघून घ्या. ॲल्युमिनिअम, तांबं, काच, माती यांची साधी भांडी यावर तापतच नाहीत, स्टीलचीही काही चालतात काही नाही. बुडाला चुंबक घट्ट चिकटला तर चालेल, इतकं सोपं आहे. बूड सपाट हवं, गोल बुडाची कढई असेल तर नाद सोडा. आणि 2000 वॅट म्हणजे 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर, तर हलक्याशा एक्स्टेंशन बोर्डवर लावायचं धाडस अजिबात करू नका. घरात कोणाला पेसमेकर असेल तर ब्रिटिश हार्ट फाउंडेशन चालू इंडक्शनपासून निदान 60 सेंटिमीटर अंतर ठेवायला सांगतं, डॉक्टरांनाही विचारून घ्या.

शेगडीशी थेट संबंध नाही तरी एक सांगतेच, कारण इतकं पटकन होतं म्हणून आपण जास्तीचं करून ठेवतो. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. भाताचं तर विशेष जपा, त्यातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि उकाड्यात भराभर वाढतात. पसरट डब्यात पातळ थर करून लवकर गार करायचं आणि फ्रीजमध्ये टाकायचं.

मोठं कुटुंब असेल, एकाच वेळी तीन भांडी चढवायची सवय असेल तर एकट्या शेगडीवर भागणार नाही, गॅस किंवा दुसरं काही सोबत लागेलच, वीज गेली तरी लागेल. दोन-तीन माणसांचं संध्याकाळचं साधं जेवण असेल तर मी डोळे झाकून घ्या म्हणेन. फक्त दुकानात मागे लागून एक करून बघा, पातेल्यात थोडं पाणी आणि सगळ्यात कमी वॅट. पाणी तापलं की बुडबुडे सलग येत राहिले तर ते मॉडेल घ्या, आणि येऊन थांबून परत येत असतील तर दुसरं दाखवायला सांगा.