स्वतःचा ब्रँड की दुसऱ्याच्या धंद्यात वाटा? रॅपमधून आलेल्या पैशाचं काय करायचं

शो वाढतात, रीलचे पैसे यायला लागतात, टीडीएस कापून का होईना खात्यात बरी रक्कम साठते. मग पुण्यातल्या रॅपरांच्या कट्ट्यावर ठरलेला वाद सुरू होतो: स्वतःचा कपड्यांचा ब्रँड काढायचा, की कुणाच्या तरी चालत्या धंद्यात पैसे घालून वाटा घ्यायचा? २०२३ च्या फेब्रुवारीत आपल्या ताडीवाला रोडचा रॅपर एमसी स्टॅन टीव्हीवरचा रिअ‍ॅलिटी शो जिंकला, तेव्हापासून हा वाद जरा जास्तच गंभीरपणे होतो. मी दोन्ही करून पाहिलंय, म्हणून लिहितोय. लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, उघडणं हा वेगळा विषय आहे. एसआयपी तर सगळ्यांनीच करावी, त्यात तुलना करण्यासारखं काही नाही.

दाखले अर्थातच अमेरिकेतून येतात. ब्रँडवाले रॅपर जे-झीचं नाव घेतात. रोकावेअर या आपल्या कपड्यांच्या ब्रँडचे हक्क त्याने २००७ मध्ये २०.४ कोटी डॉलरला विकले, आर्मंड द ब्रिन्याक या शॅम्पेनमधला निम्मा हिस्सा २०२१ मध्ये एलव्हीएमएच या महागड्या ब्रँडांच्या कंपनीला दिला, आणि त्याआधीच २०१९ मध्ये फोर्ब्जने त्याला अब्जाधीश म्हटलं होतं. रॅपर डॉ. ड्रेचा हेडफोनचा ब्रँड बीट्स ॲपलने २०१४ मध्ये ३ अब्ज डॉलरला घेतला. (शॅम्पेनचा रस्ता आपल्याकडे सोडूनच द्या, टीव्हीवर दारूची जाहिरातसुद्धा करता येत नाही.)

वाट्याच्या बाजूचे लोक रॅपर फिफ्टी सेंटकडे बोट दाखवतात. व्हिटॅमिनवॉटर या पेयाची जाहिरात करताना त्याने नुसती फी न घेता कंपनीत हिस्सा घेतला, आणि २००७ मध्ये कोका-कोलाने ती कंपनी ४.१ अब्ज डॉलरला विकत घेतली. माझा आवडता दाखला मात्र न्यूयॉर्कचा रॅपर नास याचा आहे. मॅनेजर अँथनी सालेहच्या सोबतीने त्याने क्वीन्सब्रिज व्हेंचर पार्टनर्स ही गुंतवणूक कंपनी काढली आणि बऱ्याच नव्या कंपन्यांत छोटे छोटे हिस्से घेतले. त्यातल्या रिंग (कॅमेऱ्याची डोअरबेल) आणि पिलपॅक (ऑनलाइन औषधं) या दोन्ही कंपन्या २०१८ मध्ये ॲमेझॉनने घेतल्या, क्रिप्टोवाली कॉइनबेस २०२१ मध्ये शेअर बाजारात आली. यातल्या एकाही मालावर नासचं नाव नव्हतं. हाच नास पुढे मास अपील इंडियाच्या रूपाने आपल्याकडे आला आणि २०१९ मध्ये त्या लेबलचा पहिला कलाकार ठरला मुंबईचा डिव्हाइन.

आकड्यांवर जायचं तर ब्रँडवाले जिंकतात, ते मी आधीच कबूल करतो. पण कट्ट्यावर या गोष्टी सांगताना एक भाग नेहमी गळतो, तो म्हणजे रोजचं काम कोण करत होतं. बीट्सचे सुरुवातीचे हेडफोन मॉन्स्टर नावाची कंपनी बनवत होती. रोकावेअरला सुरुवातीला जे-झीचा भागीदार डेमन डॅश होता. रॅपर निप्सी हसलने २०१७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये आपल्याच गल्लीच्या कोपऱ्यावर कपड्यांचं दुकान थाटलं, त्यात सख्खा भाऊ सोबत होता. आपल्याकडे ब्रँड काढणारा पोरगा मात्र गाणं लिहितो, टी-शर्ट डिझाइन करतो आणि कुरियरवाल्याला पत्ताही तोच समजावतो.

आता माझा अनुभव. ब्रँड बुडाला नाही, हे आधी सांगतो. तिरुपूरचे कोरे टी-शर्ट, २४० जीएसएमचं जाड कापड, ओव्हरसाइझ्ड कट, पुण्यातच डीटीएफ (फिल्मवरून छापायचं) प्रिंट. कापड चांगलं होतं, पोरांनी घातलं, शोच्या गर्दीत आपला टी-शर्ट दिसला की जे वाटतं ते साउंडच्या धंद्याच्या (त्याबद्दल पुढे) बिलावर सही करताना वाटत नाही. अडचण आली ती साइझची. कारखानेवाला माल सेटमध्येच देतो: एक स्मॉल, दोन मीडियम, दोन लार्ज, एक एक्सेल. छोट्या ऑर्डरला हा रेशो बदलून मिळत नाही. आपल्या ऐकणाऱ्यांना सगळं ढगळ हवं, त्यामुळे एक्सेल पहिल्या शोला संपायचा आणि स्मॉलचे गठ्ठे दिवाणाखाली साठायचे. एक्सेल हवा म्हणून पुन्हा सेट मागवला की सोबत पुन्हा स्मॉल आलाच. आईने शेजारपाजारच्या सगळ्या पोरांना वाढदिवसाला वाटले तरी उरले.

त्याच्या जोडीला मेसेज. ‘दादा एक्सेल आहे का’, ‘दादा लार्ज बदलून मिळेल का’, ‘दादा पार्सल कुठवर आलंय’. कॅश ऑन डिलिव्हरी ठेवली तर पार्सल न उघडता परत येतं आणि दोन्हीकडचं भाडं आपल्या माथी. बंद केली तर ऑर्डर येत नाही. त्यात राज्याबाहेर माल पाठवायचा तर उलाढाल चिमूटभर असली तरी जीएसटी नोंदणी लागते, आणि विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावंच लागतं. हे सगळं वेगवेगळं घेतलं तर किरकोळ आहे. पण मी रात्री लिहितो, आणि पोरं टी-शर्ट रात्रीच मागतात. ओळ डोक्यात जुळत आलेली असताना फोन वाजतो, आपण ‘हो रे, मंगळवारी निघेल’ असं टाइप करतो आणि परत वहीकडे बघतो तोवर यमक पसार झालेलं असतं. त्या काळात माझी गाणी कमी आली. त्याचं मोजमाप माझ्याकडे नाही, पण ऐकणाऱ्यांनी मला विचारलं होतं.

दुसरीकडे माझा एक जुना दोस्त साउंड आणि एलईडी वॉल भाड्याने देतो. गणपती, गॅदरिंग, लग्नाचे संगीत, कंपन्यांचे कार्यक्रम. नव्या वॉलसाठी त्याला पैसे हवे होते, मी घातले आणि वाटा घेतला. मुद्दाम याच धंद्यात घेतला, कारण यात काय महाग पडतं आणि कुठे नाडलं जातं हे मला स्टेजवरून कळतं. कुठल्या कॉलेजचं बिल रखडतं, हे तर त्याच्याआधी मला माहीत असतं. पैशाइतकाच माझा हा उपयोग आहे, असं तोच म्हणतो.

याचेही तोटे आहेत. ऐन पावसाळ्यात गणपती येईपर्यंत सामान गोदामात पडून राहतं. रात्री दहाला आवाज बंद. सणासुदीला बारापर्यंतची सूट वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस, आणि ते दिवस सरकार ठरवतं. पोलिसांनी कुठे सिस्टिम जप्त केली की फोन येतो, पण तो दोस्ताला येतो. मला महिन्याच्या शेवटी हिशोब कळतो. शिवाय गोदामाच्या पाटीवर माझं नाव नाही, त्यामुळे नातेवाइकांत सांगायला काही उरत नाही. ब्रँड होता तेव्हा निदान मामा टी-शर्ट घालून फिरायचे.

तोंडाला जोडलेल्या धंद्याची आणखी एक जोखीम असते. २०२२ मध्ये रॅपर कान्ये वेस्टच्या वक्तव्यांवरून आदिदासने त्याच्याशी असलेला बुटांचा करार तोडला आणि फोर्ब्जच्या अब्जाधीशांच्या यादीतून त्याचं नाव गेलं. आपण डिस ट्रॅक (दुसऱ्याला गाण्यातून टोमणे) करणारी माणसं, कधी काय बोलून बसू सांगता येत नाही. एलईडी वॉलला मी काय बोललो याच्याशी देणंघेणं नसतं.

तरीही, घरात बहीण-भाऊ किंवा पक्का मित्र स्टॉक आणि मेसेज सांभाळणारा असेल, किंवा तुम्हाला स्वतःलाच विक्रीत मजा येत असेल, तर ब्रँड काढा. माझ्या ओळखीत असा एक जण आहे आणि त्याचं माझ्यापेक्षा उत्तम चाललंय. एकटे असाल आणि लिहिणं हेच भांडवल असेल, तर मला वाटतं वाट्याकडे बघावं. कुठल्याही रस्त्याला लागण्याआधी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व मात्र घ्या. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क लेबलला लिहून देता येत नाही, आणि आपण बहुतेक जण आपली गाणी स्वतःच लिहितो.

वाटा घेताना तोंडी व्यवहार नको, आणि साध्या भागीदारीपेक्षा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) बरी. साध्या भागीदारीत फर्मचं देणं तुमच्या घरापर्यंत येऊ शकतं; एलएलपीत एरवी जबाबदारी घातलेल्या भांडवलापुरती राहते. एलएलपीने कर भरल्यावर हातात येणाऱ्या नफ्याच्या वाट्यावर तुम्हाला पुन्हा कर लागत नाही. आमचा खरा वाद झाला तो बाहेर पडण्याच्या कलमावर: उद्या मी निघालो तर माझ्या वाट्याची किंमत काढायची कशी? वापरलेल्या वॉलची किंमत बिलावरून धरायची की आजच्या बाजारभावाने? शेवटी घसारा वजा जाता पुस्तकातली किंमत आणि वर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा ठरलेला पट, असं लिहिलं. सीए म्हणाले, ‘‘एवढी जुनी दोस्ती आहे तर हे कशाला?’’ आणि मग त्यांनीच आणखी दोन कलमं घातली.