सगळ्यांच्या मैदानासाठी आलेले तीन आराखडे

वस्तीतल्या जुन्या मैदानाच्या जागी सगळ्या मुलांना खेळता येईल असं मैदान करायचं ठरलं, तेव्हा निवड समितीपुढे तीन कंपन्यांचे आराखडे आले. माझी लेक व्हीलचेअर वापरते, म्हणून पालकांच्या बाजूनं मी समितीत होते. मैदान आता रोज वापरात आहे. अशीच निवड करायला बसलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते.

पहिला आराखडा चित्रात सर्वांत देखणा होता. उंच मनोरा आणि त्याला वळणावळणाचा रॅम्प. उतार 1:12, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, तोही नियमात बसणारा. पण वर काय होतं? एक घसरगुंडी आणि दोरांची जाळी. खुर्चीतून उतरू न शकणारं मूल एवढं चढून जाणार, इतरांना घसरताना बघणार आणि त्याच वाटेनं परत येणार. शिवाय कोपऱ्यात व्हीलचेअरसकट बसायचा झोपाळा, त्याला वेगळं कुंपण आणि कुलूप. तो हलता लोखंडी फलाट जड असतो, मध्ये कुणी आलं तर इजा होते, त्यामुळे कुंपण लागतंच. ज्यांना खुर्चीतून हलताच येत नाही त्यांना तो झोपाळा फार आनंद देतो, हेही खरं. पण आमच्याकडे एवढी एकच गोष्ट माझ्या लेकीसाठी असणार होती, आणि तिथं ती एकटी झुलणार होती. मी ठाम नकार दिला.

दुसऱ्यात खाली सगळीकडे वाळू. चाकं रुततात, कुबड्या रुततात. विषय तिथंच संपला.

तिसरा आराखडा आम्ही घेतला, आणि त्याचं मुख्य कारण त्यांची आराखडाकार. ती आधी मुलांशी बोलायला आली. लेकीला विचारलं, तुला काय हवं? ती म्हणाली, "पकडापकडीत मला राज्य घ्यायचंय." त्या एका वाक्यावरून मैदानाची वाट बदलली. खेळण्यांभोवती रुंद, सलग वळसा, कुठंही बंद टोक नाही, आणि ठिकठिकाणी खुर्ची पूर्ण फिरवायला दीड मीटर मोकळी जागा. आता ती खरोखर मुलांच्या मागे लागते.

चक्र जमिनीच्या पातळीतच बसवलं आहे. खुर्ची थेट आत जाते, बाजूला कुणी उभं राहतं, कुणी बसतं, आणि सगळे एकत्र गरगरतात. टोपलीसारख्या मोठ्या झोपाळ्यात तीन-चार मुलं आडवी पडतात. ज्याला मान सावरता येत नाही तोही त्यांच्यातच असतो. माझी कसोटी हीच आहे: एकाच खेळण्यावर दोन वेगळ्या क्षमतेची मुलं एकाच वेळी खेळू शकतात का?

घसरगुंडीबद्दल एका वडिलांनी सांगितलेली गोष्ट मला ठाऊक नव्हती. त्यांच्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट आहे, म्हणजे ऐकू यावं म्हणून शस्त्रक्रिया करून बसवलेलं यंत्र, ज्याचा एक भाग बाहेर कानामागे असतो. प्लास्टिकवरून घसरताना स्थिर वीज तयार होते आणि तिच्यामुळे यंत्रात बिघाड होऊ शकतो, म्हणून ते कानामागचा भाग काढून ठेवत. मग खेळाच्या ऐन रंगात मुलाला काहीच ऐकू येत नसे. कंपनीनं स्टीलची घसरगुंडी दिली. स्टील उन्हात भाजतं, म्हणून ती झाडाच्या सावलीत, मातीच्या उंचवट्यावर बसवली.

गोंगाट सहन न होणाऱ्या मुलांसाठी अर्धवट झाकलेली खोपी आहे. ती खेळाच्या जवळच आहे आणि तिला दोन दारं आहेत. बाहेर पडताना कुणाला ओलांडावं लागत नाही, याचं महत्त्व स्वमग्न मुलांच्या पालकांना लगेच कळेल.

तक्रारीही आहेत. ओतीव रबराची जमीन चाकांना उत्तम, पण गडद रंग उन्हात तापतो. फिका रंग आम्ही भांडून घेतला. झोपाळ्याखाली पाय घासून रबर उखडलं, आणि दुरुस्तीला त्यांनी फार वेळ लावला. देखभालीचा करार आधीच लेखी करून घ्या.

समितीत कुणी तरी विचारलं होतं, थोड्या मुलांसाठी एवढा खर्च कशाला? संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क कराराचं कलम 31 खेळ हा मुलांचा हक्क मानतं, आणि अपंग मुलांनाही तो इतरांच्या बरोबरीनं मिळावा, असं 2006 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचं कलम 30 सांगतं. मी तेवढंच वाचून दाखवलं.

पाचपैकी चार गुण देते. एक कापला तो स्वच्छतागृहासाठी. तिन्ही आराखड्यांत ते नव्हतं. "आमच्या कामात येत नाही" असं उत्तर मिळालं. मोठ्या मुलाला आडवं ठेवून कपडे बदलता येतील असा बाक आणि खुर्ची वळेल एवढी खोली नसेल, तर आमच्यासारखी कुटुंबं तासाभरात घरी परततात. आमच्या समितीनं आता त्याची वेगळी मागणी केली आहे. तुम्ही ती पहिल्याच बैठकीत करा.