सीताबर्डीवरून आणलेला चार कॅमेऱ्यांचा सेट: आठ महिने वापरल्यावर

कंपनीचं आणि दुकानाचं नाव टाकत नाही, कारण पुढे जे लिहून राहिलो त्यात अर्धी चूक त्यांची आणि अर्धी माझीच आहे.

१७ मार्च २०२५ ला महालात जी दंगल झाली ती नागपूरकराला सांगायची गरज नाही. आमचं नंदनवन तिथून लांब, पण कर्फ्यू आमच्याकडेही लागला, आणि घरात बसून टीव्ही पाहता पाहता आई, बायको, मी तिघांनी ठरवलं की आता कॅमेरे लावायचे म्हणजे लावायचे. खरं सांगतो, त्या दिवसांत मीच सगळ्यात जास्त बोंबलत होतो की गल्लोगल्ली कॅमेरे लावा, एकेकाला उचला आणि वर्षभर जामीन देऊ नका.

सेट म्हणजे २ मेगापिक्सेलचे चार कॅमेरे, चार चॅनलचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगची मशीन), १ टीबीची हार्डडिस्क आणि केबलचं बंडल, फिटिंगसकट साडेपंधरा हजार. दिवसा चित्र एक नंबर, गेटवर उभ्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजून घ्या. रात्री मात्र गाडीची नंबर प्लेट लाइट मारून पांढरीफक होते, एक आकडा वाचता येत नाही, आणि हे विकताना कोणी सांगत नाही. लेन्ससमोर कोळ्यानं जाळं केलं की रात्रभर मोबाईल ठणाणा करते, मी दोनदा काठी घेऊन बाहेर आलो, पाहतो तर कोळी. मे महिन्यात गच्चीवरच्या डब्यातला अडॅप्टर उकडून मेला. नागपूरचा मे आहे बाप्पा, माणूस मरते तिथं अडॅप्टरचं काय. रेकॉर्डिंग साधारण सोळा-सतरा दिवस राहते, मग जुन्यावर नवीन चढते.

आता ॲपचं ऐका. फिटिंगवाल्या पोट्ट्यानं डीव्हीआर स्वतःच्याच मोबाईल नंबरवर रजिस्टर केला आणि मला नुसतं शेअर करून दिलं. हे मला कळलं जुलैत, नवीन फोन घेतला तेव्हा. म्हणजे एप्रिलपासून माझं अंगण, आईचं वाळवण, बायको गाऊनवर सडा टाकून राहिली ते, सगळं त्याच्या खिशात. पासवर्ड काय, तर एक ते सहा आकडे. फोन लावला तर म्हणे, "भाऊ, सगळ्यांचं असंच ठेवतो, सर्व्हिसले सोपं जाते नं." पोट्टा वाईट नाही, त्याला यात काही चुकतं हेच माहीत नव्हतं. मलेही नव्हतं म्हणा.

ऑगस्टमध्ये गल्लीतून एक मोपेड चोरीला गेली. ठाण्यातून दोघं आले, अगदी चांगलं बोलले, चहा घेतला, म्हणाले साहेबांनी मशीनच आणायला सांगितली. मी काढून दिली. वायर, माउस, सगळं पिशवीत भरून. पावती नाही, पंचनामा नाही. एकोणीस दिवस मशीन तिकडं, आणि एकोणीस दिवस माझ्या घरावर चार मेलेले डोळे. चोर सापडला नाही, नंबर प्लेट पांढरीच होती.

माझा मावसभाऊ वकील आहे, त्याला सहज सांगितलं तर तो उखडलाच. "गाडी गेली एका रात्री, तू सतरा दिवसांचं घर उचलून दिलं?" त्यानं सांगितलं ते लिहून ठेवा, कामी येईल. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदे आले, त्यातल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करावं लागते, जप्त केलेल्या वस्तूंची यादी आणि त्यावर साक्षीदारांच्या सह्या, हे सगळं त्यात आलं पाहिजे. फुटेज कोर्टात चालवायचं तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागते, एक भाग मशीन ज्याच्या ताब्यात त्याचा, एक भाग तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा अंगठाच समजा. लेखी मागणी घेऊन त्या रात्रीचे दोन तास पेन ड्राइव्हवर दिले असते तरी काम भागलं असतं. पोलिसांवर माझा राग नाही, त्यांच्यावर कामाचा किती लोड असते ते दिसते. पण हे कागद त्यांच्या सोयीसाठी नाहीत, माझ्यासाठी आहेत, आणि मीच मागितले नाहीत.

वरच्या माळ्यावर आमच्या भाडेकरू ताई राहतात, आशा वर्कर आहेत, युनियनमध्ये आहेत. रविवारी संध्याकाळी पंधरा-वीस बायका त्यांच्याकडे जमतात, अधिवेशनात यशवंत स्टेडियमवरून मोर्चा कधी निघणार, मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर अडवलं की किती वेळ बसायचं, पाणी कोण आणणार, असल्या गोष्टी. मशीन परत आली त्या आठवड्यात ताई खाली आल्या.

"दादा, तो जिन्याकडचा जरासा वळवता का? बायका वर यायला बिचकून राहिल्या."

मी म्हटलं, "अहो ताई, तुम्ही काय चोर आहात का?"

"म्हणूनच म्हणते नं," त्या म्हणाल्या, आणि वर निघून गेल्या.

तेव्हा डोक्यात शिरलं की ऑगस्टमधले त्यांचे रविवारही त्या पिशवीत गेले होते. त्यांना न विचारता.

आता विशेष जनसुरक्षा विधेयक घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्याच अधिवेशनात मांडलं, समितीकडे गेलं, बारा हजारांवर सूचना आल्या, जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत पास झालं. सरकारनं संघटना बेकायदा ठरवली की तिचा सदस्य असणं, तिच्या मीटिंगला जाणं, एवढ्यावर तीन वर्षांपर्यंत, बेकायदा कृत्याला सातपर्यंत, आणि गुन्हे अजामीनपात्र. सरकार म्हणते हे शहरी नक्षलवाद्यांसाठी आहे, मोर्चेवाल्यांसाठी नाही. बरं, मानलं. पण मीटिंगला कोण कोण गेलं याची यादी तर माझ्या टीव्हीखालच्या डब्यात बनून राहिली आहे, तारीख-वेळेसकट, आणि उद्या यादीतल्या कोणाकडं कसं पाहायचं ते मी ठरवणार नाही.

मकोका, म्हणजे टोळीवाल्यांवरचा कडक कायदा, हवाच असं मला अजूनही वाटते. टोळ्या आणि खंडणी ज्यानं पाहिली त्याला विचारा. पण आपल्या गावात दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. साईबाबांची केस झाली आहे, माओवाद्यांशी संबंधाचा आरोप, २०१७ ला गडचिरोलीच्या कोर्टात यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली जन्मठेप, ५ मार्च २०२४ ला इथल्याच खंडपीठानं निर्दोष सोडलं, मधली सात वर्षं माणूस व्हीलचेअरवर सेंट्रल जेलात, सुटल्यावर ऑक्टोबरमध्ये गेला. घरातून जप्त केलेलं इलेक्ट्रॉनिक साहित्य सरकारी पक्षाला नीट सिद्ध करता आलं नाही, असंही कोर्टानं त्यात म्हटलं. पंचनामा म्हणजे नुसता कागद नव्हे, हे मला तिथं समजलं. त्यांचे विचार मला पटत नाहीत, तो भाग वेगळा.

आणि कोणी म्हणेल प्रायव्हसीचा कायदा आहे नं. २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क ठरवला, खरं आहे. पण २०२३ चा डेटा कायदा घरगुती वापराला लागू नाही, आणि सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देता येते. म्हणजे मी बी मोकळा, ते बी मोकळे, जिन्यावरच्या बायका तेवढ्या मधात.

घेणाऱ्यांनी डीव्हीआर स्वतःच्या नंबरवर रजिस्टर करून घ्या, फिटिंगवाला जायच्या आधी पासवर्ड बदला. सेटिंगमध्ये प्रायव्हसी मास्क नावाचं ऑप्शन आहे, चित्राच्या तेवढ्या भागावर काळा चौकोन टाकता येतो, माउसनं दहा मिनिटांचं काम. मी जिना झाकला. ताईंना टीव्हीवर दाखवलं, त्यांनी जवळ येऊन पाहिलं आणि विचारलं, "हे तिकडून काढता येते का?" येते, पासवर्ड असला की. तो आता माझ्याकडं आणि आईच्या डायरीत आहे.

तीन स्टार. अडॅप्टर दुकानदारानं वॉरंटीत बदलून दिला, वर चहा पाजला, त्याचा अर्धा वेगळा.