लातुरातली एक फॉरेक्स शाखा: साडेतीन तारे

सोयाबीनची डीओसी (तेल काढून उरलेली पेंड) बाहेरदेशी पाठवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. बँकेच्या या फॉरेक्स (परकीय चलन) शाखेचं नाव घेत नाही, कारण पुढं थोडं वाकडं लिहिणार आहे. नेहमीच्या देशांची कामं इथं चोख होतात. शिपिंग बिल (कस्टमचा निर्यातीचा कागद), ई-बीआरसी (निर्यातीचे पैसे आल्याचा दाखला), सगळं वेळेवर. पार्किंगचा वैताग आहे, पण गंजगोलाईच्या आसपास तो कुठं नाही?

खरा कस लागला तो इराणच्या ऑर्डरला. आपल्या डीओसीचं हे जुनं गिऱ्हाईक. 2012 मध्ये स्विफ्टनं (बँकांचं आंतरराष्ट्रीय निरोपांचं जाळं) इराणी बँका तोडल्या, तेव्हा भारत तेलाचे काही पैसे रुपयात युको बँकेत भरायचा आणि त्यातून निर्यातदारांची बिलं भागायची. मे 2019 मध्ये अमेरिकेनं इराणवरच्या निर्बंधांतून दिलेली तेलखरेदीची सवलत काढली, तेल थांबलं आणि तो हौद आटत गेला.

फॉरेक्सच्या मॅडमनी माझी ऑर्डर बघितली अन् म्हणाल्या, "भाऊ, गाड्या भरू नका अजून." खरेदीदार, त्याची बँक, जहाजाचं नाव, आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक), जहाजाचा मालक, सगळं अमेरिकी अर्थखात्याच्या निर्बंधांच्या यादीशी ताडून बघितलं. मी म्हणालो, शेतमालाला निर्बंधांतून सूट आहे की. "आहे ना. पण मधल्या बँकांना न्यूयॉर्कमधलं डॉलरचं खातं सांभाळायचंय. त्या सूट वाचत बसत नाहीत, सरळ नाही म्हणतात."

मग खरेदीदार म्हणाला, दुबईची पार्टी पैसे देईल. मॅडमनी त्या पार्टीचे कागद आणि तिघांच्या सहीचा करार मागितला. तिकडून फोनच बंद. ऑर्डर गेली, पण माल गोदामातच होता, पैसे कुठं अडकले नाहीत. तीन तारे त्याचेच.

आता वाकडं. शाखेला अधिकार काहीच नाही. फाईल मुंबईला जाते, तिथून एकेक क्वेरी येते, एकदा दिलेला कागद परत मागतात. शेवटी मेल आला: "बँकेच्या धोरणात बसत नाही." अहो, रिझर्व्ह बँकेचा कोणता नियम आडवा आला ते तरी लिहा! अमेरिकेचा हुकूम काही आपल्या संसदेत मंजूर झालेला नाही. वर तपासणीचे चार्जेस कापले, जीएसटीसकट.

उरलेला अर्धा तारा रशियाला माल पाठवायचं विचारलं, त्याचा. जुलै 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेनं रुपयात व्यवहाराची सोय केली, त्यासाठी व्होस्ट्रो खातं, म्हणजे परदेशी बँकेचं भारतातल्या बँकेत रुपयातलं खातं, लागतं. मॅडमनी उभ्या उभ्या सांगितलं, "आमच्याकडं त्या रशियन बँकेचं खातं नाही, दुसरीकडं बघा." आशेवर झुलवलं नाही.

व्हिएतनाम, बांगलादेशला माल जात असेल तर बिनधास्त जा. इराणवाल्यांनी सौदा करायच्या आधी मॅडमना भेटा, जहाजाचं नाव घेऊनच. सोमवार टाळा, मुंबईच्या क्वेऱ्या त्याच दिवशी येऊन पडतात.