शॉर्ट सुधारायचा तर टक्केवारी पाहावी की आलेख?

यूट्यूबवर शॉर्ट्स, म्हणजे छोटे उभे व्हिडिओ, टाकणाऱ्याला प्रेक्षक किती टिकतात याची माहिती यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे व्हिडिओंची आकडेवारी दाखवणाऱ्या साधनात, दोन रूपांत मिळते. एक रूप एकत्रित आकड्यांचे: फीडमध्ये समोर आलेला व्हिडिओ किती जणांनी पाहिला आणि किती जणांनी सरकवला, तसेच सरासरी किती टक्के भाग पाहिला गेला. दुसरे रूप रिटेन्शनच्या, म्हणजे सेकंदागणिक किती प्रेक्षक टिकून आहेत याचे चढ-उतार दाखवणाऱ्या, आलेखाचे. नोकरी-धंदा सांभाळून रात्री जेमतेम एखादा तास या कामाला देणाऱ्याने दोहोंपैकी कशावर भर द्यावा, हा प्रश्न मालवणी रांधपाचे (स्वयंपाकाचे) छोटे व्हिडिओ करताना मलाही पडला होता.

एकत्रित आकड्यांची सोय नाकारता येणार नाही. मोबाइलवर एका नजरेत ते कळतात आणि सरकवणाऱ्यांचे प्रमाण तर व्हिडिओच्या सुरुवातीविषयी बऱ्यापैकी स्पष्ट बोलते. बांगड्याच्या तिखल्याचा (माशाच्या तिखट कालवणाचा) व्हिडिओ रिकाम्या टोपापासून सुरू केला की लोक पुढे जातात, आणि रस्सा खदखदत असताना सुरू केला की थांबतात, एवढे समजायला आलेखाची गरज नाही. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला किंवा पुन्हा सुरू झाला तरी व्ह्यू मोजला जातो, त्यामुळे केवळ व्ह्यूजकडे पाहून हुरळून जाणाऱ्यापेक्षा हे प्रमाण पाहणारा नक्कीच शहाणा म्हणावा लागेल.

माझी अडचण सरासरी टक्केवारीपाशी सुरू झाली. बारा सेकंदांचा धबधब्याचा व्हिडिओ आपोआप पुन्हा चालू होतो आणि सरासरी सहज ११० टक्क्यांवर जाते. पन्नास सेकंदांची पाककृती मात्र ६० टक्क्यांवर अडकते. प्रत्यक्षात पहिल्यासाठी प्रेक्षकाने सुमारे तेरा सेकंद दिलेले असतात आणि दुसऱ्यासाठी तीस. १५ ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्ट तीन मिनिटांपर्यंतचा करता येतो, त्यामुळे वेगवेगळ्या लांबीच्या व्हिडिओंची अशी तुलना आणखीच फसवी झाली आहे. तरीही लांबी सारखी ठेवून हे सांभाळून घेता आले असते.

सांभाळून घेता आले नाहीत ते चाकरमानी. माझ्या सबस्क्राइबरांत मुंबई-ठाण्याकडे राहणारी गावची मंडळी पुष्कळ आहेत आणि त्यांच्या प्रेमाविषयी तक्रार करणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण विहिरीवरचा रहाट किंवा शेणाने सारवलेले खळे दिसले की ही मंडळी व्हिडिओ कसाही असला तरी शेवटपर्यंत पाहतात, पुन्हा पाहतात आणि खाली आजीची आठवण आल्याचे लिहितात. परिणामी रटाळ व्हिडिओचीही सरासरी देखणी दिसते. ज्याने कोकण कधी पाहिलेले नाही, असा प्रेक्षक कुठे कंटाळून गेला, हे त्या देखण्या आकड्याआड दडून राहते. संगणकावर स्टुडिओच्या अॅडव्हान्स्ड मोडमध्ये सबस्क्राइबर आणि इतर यांची सरासरी वेगवेगळी काढता येते आणि ती काढावीच. मात्र परका प्रेक्षक लवकर जातो एवढेच त्यातून कळते, तो नेमका कोणत्या जागी गेला हे कळत नाही.

आलेख ती जागा दाखवतो. माझ्या पाककृतींत बहुधा वाटप (मसाल्याचे वाटण) वाटण्याच्या दृश्यापाशी रेषा घसरते. पाटा-वरवंट्यावरचे वाटण मला स्वतःला कितीही प्रिय असले, तरी ते दोन सेकंदांवर आणल्यावर पुढचा उतार सौम्य झाल्याचे माझ्या पाहण्यात आले. उंचवट्यांचे वाचन जरा अवघड आहे, कारण एखादा भाग पुन्हा पाहिला गेला की रेषा वर जाते आणि त्या पुन्हा पाहण्याचे कारण आवड असू शकते तसे न समजणेही असू शकते. तिखल्यात तिरफळे (कोकणातला एक मसाला) टाकण्याच्या क्षणी असा उंचवटा येई. प्रतिक्रिया वाचल्यावर लक्षात आले की घाटावरच्या अनेकांनी तिरफळ पाहिलेलेच नव्हते आणि पडद्यावर लिहिलेले त्याचे माप वाचायलाही वेळ पुरत नव्हता. ते दृश्य थोडे लांबवल्यावर उंचवटा बसला, आणि माझ्या मते ती सुधारणाच होती. उंच रेषा म्हणजे यश, असे धरून चाललो असतो तर मी तिरफळे आणखी झटपट टाकली असती.

आलेखाच्या मर्यादाही आहेत. ही माहिती तयार व्हायला एक-दोन दिवस लागू शकतात, मोबाइलच्या पडद्यावर बारीक चढ-उतार नीट दिसत नाहीत आणि व्ह्यूज कमी असतील तर मोजक्या माणसांच्या वागण्यानेही रेषा वेडीवाकडी होते. गणपतीच्या दिवसांतल्या व्हिडिओंचे आलेख तर मी बाजूलाच ठेवतो, कारण तेव्हा गावाकडचे काहीही गोड मानून घेतले जाते. इन्स्टाग्रामच्या रील्सलाही आता असा आलेख मिळतो, त्यामुळे ही वाचनाची सवय तिथेही उपयोगी पडते.

ज्यांचे व्हिडिओ अद्याप फारसे कोणी पाहत नाहीत, किंवा जे केवळ समुद्रावरच्या सूर्यास्ताचे दहा सेकंद टाकतात, त्यांना पाहिला-सरकवला हे प्रमाण बहुधा पुरेसे ठरावे. तेवढ्या लांबीत कापण्यासारखे असतेच किती? ज्यांच्या व्हिडिओत कृती आहे, टप्पे आहेत आणि पाहणाऱ्यांत घरची माणसे अधिक आहेत, त्यांनी मात्र, मला वाटते, आठवड्यातून एकदा संगणक उघडून एकाच व्हिडिओचा आलेख सावकाश पाहावा आणि पुढच्या व्हिडिओत एकच बदल करावा, म्हणजे रेषा कशामुळे हलली हे सांगता येते.