काडीमोड पंचांपुढे की कोर्टात?

जातपंचायतीची बाजू आधी सांगतो, कारण ती सोपी वाटते. वकील नको, तारीख नको. पंचांसमोर गवताची काडी मोडली की संसार मोडला. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29 नुसार रूढीने चालत आलेला घटस्फोट मान्य होऊ शकतो, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. हे पंच सांगत नाहीत.

खरी मेख पंच ठोठावतात त्या दंडात आहे. पैसे भरले नाहीत की वाळीत टाकायचं: मयताला खांदा नाही, मुलांची लग्नं अडलेली. गुन्ह्याचं मूळ मला इथे दिसतं. ‘जातीबाहेर काढतील’ ही धास्ती बापाला पोरीच्या जिवावर उठवते. 2013 साली नाशकात आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीला बापानेच मारलं. त्यानंतर अंनिसने (अंधश्रद्धा निर्मूलन समितीने) जातपंचायतीला मूठमाती देण्याची मोहीम उघडली. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा जुलै 2017 पासून लागू आहे. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड.

कौटुंबिक न्यायालय? कंटाळवाणं, हे कबूल. तारखेला रोजगार बुडतो, बाकावर पाय अवघडतात. पण कोर्टातला समुपदेशक बाईला एकटीला बसवून तिचं म्हणणं ऐकतो, जे पंचांच्या बैठकीत होत नाही. तिथे बाईच्या वतीने बोलतो तोही पुरुषच. शिवाय पोटगीचा आदेश कागदावर मिळतो, आणि नवऱ्याने टाळाटाळ केली तर वसुलीसाठी पुन्हा दार ठोठावता येतं. मोडलेली काडी कुठे दाखवणार?