दोन लाख किलोमीटर धावलेल्या गाडीचे मिसिंग: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

माझी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी २ लाख १४ हजार किलोमीटर धावल्यानंतर मिसिंग करू लागली, म्हणजे सिलिंडरमधले पेट्रोल अधूनमधून पेटेनासे झाले. तेव्हा केलेल्या दुरुस्तीला आता आठ महिने होऊन गेले असून गाडी त्यानंतर सुमारे ११ हजार किलोमीटर चालली आहे. दुरुस्ती झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळेच काही उत्तम वाटते. म्हणून मी मुद्दाम थांबलो आणि आता लिहीत आहे.

सुरुवातीची लक्षणे फसवी होती. उभी असताना गाडी अगदी शांत चालत असे, पण चढावर, वरच्या गिअरमध्ये आणि कमी आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबला की दोन-तीन झटके बसत आणि चेक इंजिनचा दिवा काही क्षण लुकलुकत असे. भार वाढला की सिलिंडरमधील दाब वाढतो आणि स्पार्क प्लगच्या फटीतून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे कमकुवत झालेले इग्निशन, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, आधी चढावर उघडे पडते. केवळ उभ्या गाडीत जाणवणारे आणि वेग वाढवताच नाहीसे होणारे मिसिंग बहुधा हवेच्या गळतीकडे बोट दाखवते. हा फरक मला तेव्हा ठाऊक असता तर पुढचा बराच त्रास वाचला असता.

गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०३ हा कोड आला, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर (मिसिंग). क्रँकशाफ्टच्या फिरण्यात पडणारा सूक्ष्म खंड सेन्सर टिपतो आणि त्यावरून कोणते सिलिंडर चुकले एवढे संगणक सांगतो. ते का चुकले, हे तो सांगत नाही. गॅरेजमध्ये तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज पुरवणारा भाग) बदलण्यात आली, गाडी लगेच सुरळीत झाली आणि मीही निश्चिंत झालो. पाच आठवड्यांनी तोच कोड पुन्हा आला.

या वेळी मी स्वतः बोनेट उघडून बसलो. तिसरी कॉइल पहिल्या सिलिंडरवर आणि पहिली तिसऱ्यावर बसवली, कोड पुसला आणि त्याच चढावर गाडी नेली. कोड पी०३०१ झाला, म्हणजे पहिल्या सिलिंडरचा. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे पाच आठवड्यांपूर्वी बसवलेली नवी कॉइल खरोखरच गेलेली होती. काही खर्च न करता होणारी ही अदलाबदलीची चाचणी प्रत्येकाने सुटे भाग मागवण्यापूर्वी करावी असे मला मनापासून वाटते, कारण दोष जागचा हलला नाही तर कॉइल निर्दोष ठरते आणि शोध प्लग, इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशनकडे (सिलिंडरमध्ये तयार होणाऱ्या दाबाकडे) वळवता येतो.

मात्र नवी कॉइल इतक्या लवकर का गेली, या प्रश्नाचे उत्तर प्लगच्या खोबणीत होते. तिथे इंजिन ऑइल साचलेले होते. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाच्या) गॅसकेटबरोबर प्लगच्या नळ्यांभोवती जी रबरी सील असतात, ती वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होऊन चिरली होती. ऑइलमुळे कॉइलचे प्लगवर बसणारे रबरी बूट फुगून मऊ पडले होते आणि प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरून खाली गेलेली एक बारीक काळी रेघ उमटली होती. ठिणगी फटीत न पडता बाहेरच्या बाहेर धातूकडे निसटत होती, त्याची ती खूण होती. अशी रेघ एकदा पडली की तीच विजेचा सोपा मार्ग बनते, म्हणून तो प्लग आणि ते बूट पुसून परत वापरण्यात अर्थ नसतो. शिवाय प्लगची फट १.१ मिलिमीटर असायला हवी होती, ती झिजून जवळपास १.५ झाली होती. इतकी फट ओलांडण्यासाठी कॉइलला सतत जास्त व्होल्टेज उभे करावे लागत होते. पहिल्या दुरुस्तीत निदान चुकले नव्हते. ते अर्ध्यावर सोडले गेले होते.

दुसऱ्या दुरुस्तीत मी टॅपेट कव्हरचे गॅसकेट आणि नळ्यांची सील, चारही इरिडियम प्लग, आणि मूळ कॉइल ज्या उत्पादकाची होती त्याचीच एक कॉइल बसवली. प्लग काढण्यापूर्वी खोबणीतले ऑइल पूर्णपणे टिपून घेतले, नाहीतर ते थेट सिलिंडरमध्ये उतरते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच प्लग सैल केले, कारण ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे गरम असताना सहज खराब होतात. घट्ट करताना टॉर्क पान्याचा उपयोग केला आणि आट्यांना कोणतेही वंगण लावले नाही. वंगण लावल्यास पाना योग्य आकडा दाखवतो, पण प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. प्लग बाहेर असतानाच कॉम्प्रेशनही मोजून घेतले. चारही सिलिंडर ११.५ ते १२ बारच्या दरम्यान होते, आणि एवढ्या चाललेल्या इंजिनाबद्दलची माझी खरी धास्ती तिथे संपली.

त्यानंतर चढावरचे झटके एकदाही आले नाहीत. पिकअप सुधारला आणि लिटरमागे साधारण एक किलोमीटर जास्त मिळू लागला. १ हजार आणि ६ हजार किलोमीटरनंतर मी खोबणी उघडून पाहिल्या. दोन्ही वेळा त्या कोरड्या होत्या.

सहाव्या महिन्यात मात्र थंड इंजिन उभ्या गाडीत थरथरू लागले आणि पी०३०० आला, म्हणजे कोणत्याही एका सिलिंडरशी न बांधलेला मिसफायर. हात पुन्हा कॉइलकडे जाण्याआधी मी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोलच्या मात्रेत किती टक्के वाढ-घट करतो आहे, ते पाहिले. आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) दीर्घकालीन ट्रिम अधिक १४ टक्के होता आणि २,५०० आरपीएमवर तो अधिक ४ टक्क्यांवर येत होता. मोजमापात न आलेली हवा कुठून तरी आत शिरत होती आणि वेग वाढल्यावर एकूण हवेच्या तुलनेत तिचा वाटा कमी होत होता. टॅपेट कव्हरवरून इनटेककडे जाणाऱ्या ब्रीदर नळीला टोकाशी चीर गेलेली सापडली. कव्हर काढताना ती जुनी नळी बहुधा माझ्याच हातून ताणली गेली असावी. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी ती नळी त्याच वेळी बदलावी. नवी नळी बसताच ट्रिम अधिक ३ टक्क्यांवर स्थिरावला.

एक नुकसान मात्र भरून निघालेले नाही. दोन्ही वेळा दिवा लुकलुकत असताना मी मिळून तीन आठवडे गाडी चालवत राहिलो. त्या लुकलुकण्याचा अर्थच असा असतो की न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातील प्रदूषण कमी करणाऱ्या भागात) पेटते आहे आणि त्याला प्रमाणाबाहेर तापवत आहे. गेल्या महिन्यात पी०४२० आला, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड. कन्व्हर्टरनंतरच्या ऑक्सिजन सेन्सरचे वाचन बऱ्यापैकी स्थिर असायला हवे, पण ते आता पुढच्या सेन्सरसारखेच वरखाली होते. एक्झॉस्टमध्ये कुठे गळती नाही याची खात्री मी करून घेतली आहे, त्यामुळे पुढचे काम कन्व्हर्टर बदलण्याचे आहे.